दाजींचं मशीन

बारामतीत राहणाऱ्या माणसाचं दोन विषयांवर ठाम मत असावं लागतं, राजकारण आणि ऊस. माझं दोन्हींवर नाही. चारचौघांत तोंड उघडायला काहीतरी हवं म्हणून मी इलेक्ट्रॉनिक संगीताकडे वळलो. तेसुद्धा साधंसुधं नव्हे, प्रायोगिक. म्हणजे ज्यात चाल नसते, ठेका नसतो, शब्द नसतात आणि संपलं की संपल्याचं वादकालाच मान तुकवून सांगावं लागतं.

एमआयडीसीतल्या कंपनीत इन्स्ट्रुमेंटेशन विभागात असल्यामुळे सोल्डरिंग अंगवळणी पडलेलं होतं. बघता बघता घरातल्या दिवाणावर एक लाकडी पेटी उभी राहिली. मॉड्युलर सिंथेसायझर. एका डब्यात कंप तयार होतो, दुसऱ्यात तो गाळला जातो, तिसऱ्यात लहानमोठा होतो, आणि आपण या डब्यातून त्या डब्यात रंगीत वायरी खुपसत बसायचं. वायर बदलली की आवाज बदलतो. कधीकधी बदलत नाही, तेव्हा आपल्याला तोच हवा होता असं समजायचं. बायकोने पाहताक्षणी सांगितलं, "शेतातली डीपी उघडी टाकल्यासारखं दिसतंय. पोरांना हात लावू देऊ नका."

या पेटीतून 'गळीत हंगाम' नावाची माझी रचना जन्माला आली. रसवंतीच्या चरकाला बांधलेले घुंगरू, कारखान्याकडे निघालेल्या ऊसट्रॉल्यांची गडगड, पाळी बदलतानाचा भोंगा, भिगवणजवळ उजनीच्या फुगवट्यावर उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांचा कालवा, असं सगळं रेकॉर्ड करून सॅम्पलरमध्ये भरलं आणि त्याखाली एक अखंड खर्जातली घुंई लावली. रोहित पक्षी दिसायला राजघराण्यातला असला तरी ओरडतो बदकासारखाच, हे पर्यटनवाले कुठल्याही फलकावर लिहीत नाहीत. घुंगरांसाठी चरकाच्या लोखंडी अंगाला पिझोची पितळी चकती चिकटवली, तेव्हा रसवंतीवाल्याला मी वजनमापवाला वाटलो. "साहेब, ग्लास पुऱ्या मापाचाच हाय," असं म्हणत त्याने मला न मागता दोन ग्लास पाजले.

माझी सासुरवाडी इंदापूर तालुक्यात आहे. गावाचं नाव सांगत नाही, दिवाळीला अजून तिथेच जायचं असतं. धाकटा मेहुणा यात्रा कमिटीत. चैत्रातल्या यात्रेच्या कार्यक्रमांत भजनी मंडळ आणि ऑर्केस्ट्रा यांच्यामध्ये अर्धा तास मोकळा असल्याचं त्याच्या तोंडून निघालं आणि मी फोनवरच त्याची शिकवणी घेतली. म्हटलं, हे काही परदेशी फॅड नाही. १९८२ साली आपल्या मुंबईत चरणजित सिंग यांनी रोलंड कंपनीच्या तीन यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवले होते. तेव्हा ती तबकडी कोणी फारशी विचारली नाही. २०१० साली ती परदेशात पुन्हा निघाली आणि गोरे लोक चाट पडले, की ज्या ॲसिड हाऊसचा जन्म आपण शिकागोतला मानतो, तसलंच काहीतरी हा माणूस आधीच वाजवून बसलाय.

"मग त्यास्नीच बोलवू की," मेहुणा म्हणाला.

"ते २०१५ साली वारले."

"अरारा. मग काय, तुम्हीच या दाजी."

इतक्या सन्मानाने कलावंताला आजवर कोणी बोलावलं नसेल. मी पेटी मागच्या सीटवर ठेवली, तिला सीटबेल्ट लावला आणि निघालो. काटेवाडी, भवानीनगर, सणसर, बेलवाडी, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी. तुकोबांची पालखी याच वाटेने जाते. काटेवाडीत मेंढ्या पालखीभोवती रिंगण धरतात, बेलवाडीत अश्व धावतो. टाळमृदंगावर एवढी शतकं वाढलेल्या मुलखाला आवाजातलं काहीतरी नवं आपण दाखवणार आहोत, या विचाराने माझी छाती लासुर्ण्यापर्यंत चांगलीच फुगलेली होती.

मांडवात पोचल्यावर पहिला भेटला तो बेंजो पार्टीतला ऑक्टापॅडवाला. रात्री छबिन्याला त्यांचंच वाजप होतं. त्याने पेटीभोवती फेरी मारली आणि विचारलं, "किती पॅच हायत यात?"

"यात तयार पॅच नसतात. आपण वायरी जोडून बनवायचा."

"म्हंजे रिकामंच दिलं व्हय तुम्हाला?" त्याचा चेहरा खरोखर पडला. "थांबा, मी देतो पेनड्राईव्हमधनं. हलगी, संबळ, नाशिक ढोल, जे पाहिजे ते घ्या. पैसं नकोत."

तेवढ्यात भजनी मंडळाचे बुवा आले. त्यांच्या पिशवीत इलेक्ट्रॉनिक तंबोरा होता. बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस काढलेल्या त्या डब्याची कुठलीशी आवृत्ती. बुवांनी विचारलं, "कुठल्या पट्टीत आहे आपलं? काळी दोन का पांढरी चार?" मी म्हटलं, पट्टी अशी नाही. बुवा समंजस होते. "नसू दे. मी तंबोरा चालू ठेवतो मागं, तुम्ही सापडंल तसे या." पलीकडे बेंजोवाल्याने पिकअपची पिन ॲम्पमध्ये खुपसून 'नागीन'ची बीन छेडली. हा बेंजो मुळात जपानचा, १९१२ सालचं तायशोगोतो, आपल्याकडे येऊन बुलबुलतरंग झालेलं. आणि १९५४ च्या 'नागीन'मधली ती बीन पुंगीची नव्हेच. कल्याणजींनी ती क्लॅव्हायोलिन नावाच्या विजेवरच्या वाद्यावर वाजवलेली. म्हणजे दातात रुमाल धरून अख्खा महाराष्ट्र सत्तर वर्षं ज्या सुरावर वरातीत लोळतोय, तो सूर इलेक्ट्रॉनिक. मी ज्या गावाला विजेवरच्या संगीताची ओळख करून द्यायला आलो होतो, त्या गावात विजेशिवाय वाजणारं त्या घडीला एक पखवाज होता आणि एक रसवंतीचे घुंगरू.

पण माझा घात केला तो फेट्याने.

मी त्या गावचा जावई. जावयाला स्टेजवर नुसता चढवतील तर कमिटीला लोक काय म्हणतील? त्यामुळे आधी सत्कार. शाल, श्रीफळ, हार, आणि फेटा बांधायला खास माणूस. त्याने दोन्ही कानांवरून असा गच्च फेटा आवळला की निवेदकाने माझा केलेला गौरव मला विहिरीच्या तळातून ऐकू येत होता. पुढे आठ मान्यवरांची मनोगतं झाली. आठपैकी सात ऊसदरावर बोलले, आठवे माझ्यावर बोलता बोलता ऊसदरावर गेले. दहाला स्पीकर बंद करायचा कायदा आहे, आणि माझ्या अर्ध्या तासातला निम्मा वेळ सत्कारातच गेला, तेव्हा थोडा ऑर्केस्ट्राच्या वेळातून उसना घेऊन मी पेटीसमोर उभा राहिलो.

आता हेडफोन. असल्या वादनात हेडफोन लागतातच, नाहीतर कुठली वायर कुठे गेली कळत नाही. फेट्यावर हेडफोन चढेना. फेटा काढावा, तर समोर पहिल्या रांगेत सासरे. स्टेजवर जावयाने फेटा उतरवला असता तर लग्न मोडलं नसतं, पण त्याची चर्चा पुढची पाच वर्षं पुरली असती. शेवटी हेडफोनची पट्टी हनुवटीखालून घेतली आणि उजवा कप फेट्याच्या कडेतून आत दाबला. कप कानावर बसला, आणि एकदम माझं जग उजळलं. घुंई सुरू झाली. तिच्यावर ट्रॉल्या आल्या. घुंगरू आले. मी डोळे मिटले.

काय वाजवलं मी त्या रात्री! खरंच सांगतो, घरच्या दिवाणावर असं कधी जमलं नव्हतं. भोंगा उलटा फिरवून रोहित पक्ष्यांत मिसळला, घुंगरांना अर्ध्या गतीवर आणलं, शेवटी सगळं एकमेकांवर आदळवून कर्कश शिखर गाठलं आणि तिथून थेट घुंईवर उतरलो. फेट्यातून घाम कानात ओघळत होता. वायरी ओढतोय, खुपसतोय, मान हलवतोय, मध्येच हात हवेत जातोय.

डोळे उघडले तेव्हा गाव शांत होतं. मला वाटलं, भारावलेत. एक पोरगं नाकात बोट घालून माझ्याकडे बघत होतं, तेही आदराने. मी मान तुकवली. टाळ्या पडल्या, जावयाला पडतात तितक्या. मग पहिल्या रांगेतल्या एका आजीने शेजारणीला विचारलेलं मला फेट्यातूनसुद्धा स्पष्ट ऐकू आलं, "झालं का गं दुरुस्त?"

खुलासा साऊंडच्या टेबलापाशी झाला. ऑपरेटर पोरगा हुशार, आणि त्याहून जास्त प्रामाणिक. घामाघूम होऊन म्हणाला, "दाजी, लई तरास दिला लाईननं, पण तुमच्या पोग्रॅमला डाग लागू दिला नाही. सुरुवातीलाच हमिंग यायला लागलं. पन्नास सायकलचं, अर्थिंगचा लोचा असतोय. ते मुळासकट काढलं."

घुंई पन्नास हर्ट्झच्या आसपास मी मुद्दाम लावली होती. वीजवाहिनीचा षड्ज, अशी माझी कल्पना.

"मग गडगड आली. जनरेटरची असणार. खालच्या सगळ्या दांड्या पाडल्या. मग कुई यायला लागली, ती वरनं कापली." त्याच्यासमोर एकतीस दांड्यांचा इक्वलायझर होता आणि त्याच्या सगळ्या दांड्या तळाला लोळत होत्या. "मधीच माईकमधे रसवंती घुसली. माणूस पाठवून चरक बंद करायला लावला. बदकं कुठनं आली ती मातर नाही सापडली, म्हणून मग मास्टरच खाली घेतला."

"मग राहिलं काय?"

"काहीच न्हाई," तो अभिमानाने म्हणाला. "एकदम क्लीन."

म्हणजे वीसेक मिनिटं गावाने काय पाहिलं? फेटा बांधलेला, हनुवटीखाली हेडफोन लटकवलेला, डोळे मिटलेला एक जावई उघड्या डीपीशी निःशब्द झोंबतोय. आणि जावई आहे म्हणून कोणी शिट्टी मारली नाही, कोणी उठलं नाही. बिचाऱ्या रसवंतीवाल्याचा ऐन गर्दीतला धंदा बुडाला तो वेगळाच. त्याला मी रस न पिता पैसे दिले, तर त्यानेही माझ्याकडे वजनमापवाल्यासारखं पाहिलं.

रात्री गच्चीवर अंथरुणं पडली, तेव्हा मी मेहुण्याला माझी बाजू शास्त्रोक्त मांडली. जॉन केज नावाचा अमेरिकी संगीतकार होता. अहमदाबादच्या गीता साराभाई १९४६ मध्ये न्यूयॉर्कला गेल्या होत्या, त्यांच्याकडून तो आपलं संगीत शिकला. १९५२ साली त्याने एक रचना केली, चार मिनिटं तेहतीस सेकंदांची, जिच्यात वादक काहीच वाजवत नाही. पहिल्यांदा ती डेव्हिड ट्यूडरने पियानोसमोर बसून 'वाजवली'. आणि याच ट्यूडरने १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर बसवून दिला. तिथे आपल्या लोकांनी केलेल्या टेपा पुढे कित्येक वर्षं कपाटात पडून होत्या. तेव्हा आज जे झालं, त्याला परंपरा आहे. फक्त केजचं साडेचार मिनिटांत आटोपतं, मी वीस मिनिटं टिकवलं.

मेहुण्याने शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे तो बाबा काहीच न वाजवता बिदागी घ्यायचा?"

"घेतलीही असेल."

"मग तुमचं चुकलंच दाजी. तुम्ही फुकट आलात."

सकाळी चहा घेऊन ओसरीवर आलो, तर तिथे रांग लागलेली. एक किचनचा मिक्सर, बॅटरीवरचा फवारणी पंप, दोन मोबाईल चार्जर, एक बिनआवाजाचा रेडिओ. रात्री अख्ख्या गावाने मला मन लावून मशीन दुरुस्त करताना पाहिलं होतं आणि शेवटी मान तुकवून ते झाल्याचं मी स्वतः जाहीर केलं होतं. ऑक्टापॅडवाला त्याचं पॅड घेऊन आला होता, त्याच्या एका खान्यात हलगी डबल वाजत होती. सगळ्यांच्या मागे देवळाचा पुजारी, हातगाड्यावर आरतीचं मशीन घेऊन. मोटर लावली की पट्ट्यावर चकत्या फिरतात आणि आपोआप नगारा, झांज, घंटा वाजते, ते. पट्टा तुटला होता.

मिक्सर मला जमला नाही. पंपात पाणी शिरलं होतं. हलगी आता तिबल वाजते, असं कळतं. आरतीचं मशीन मात्र मी चालू करून दिलं. नवा पट्टा टाकताना घंटेची चकती एक खाच पुढे बसली, त्यामुळे नगारा सरळ जातो आणि घंटा प्रत्येक फेरीत जरा आधीच पडते. मी पुजाऱ्याला म्हटलं, पुढच्या खेपेला काढून नीट बसवतो. तो म्हणाला, राहू द्या, देवाला चालतंय. आता सकाळ-संध्याकाळ तेच वाजतं, लोक टाळ्यांचा ठेका त्या घंटेशी जुळवू बघतात, आणि प्रसाद असल्यामुळे मधूनच उठून कोणी जात नाही.