अर्ध्या तासाचा तह

सप्टेंबर उजाडला की सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या जिन्याखाली एक कागद लागतो. वार्षिक सर्वसाधारण सभा, रविवार, सकाळी १० वाजता, सर्वांनी वेळेवर उपस्थित राहावे. कागदाच्या तळाशी आणखी एक ओळ असते: गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच ठिकाणी साडेदहा वाजता भरेल व तिला गणपूर्तीची अट राहणार नाही. शहरातलं आपलं सगळं सहजीवन या तळाच्या ओळीवर उभं आहे. उपविधींनी गणपूर्तीचा आकडा काही फार मोठा ठेवलेला नाही. एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांत जो कमी असेल तो. म्हणजे १०० फ्लॅटच्या सोसायटीत पाचांतला एक आला तरी भागतं आणि ४०० फ्लॅटच्या संकुलात विसांतला एक. तेवढेही येत नाहीत. मग सेक्रेटरी अर्धा तास खुर्च्या मोजतात, आणि साडेदहाला जमलेले सातजण ४०० घरांच्या पैशाचा हिशेब पाच मिनिटांत मंजूर करून बटाटेवड्याकडे वळतात. (गावाकडच्या नातलगांनी हसू नये. ग्रामसभेलाही १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांतला कमी आकडा लागतो आणि तहकूब ग्रामसभेला तोही लागत नाही.)

या रिकाम्या खुर्च्यांचं निदान ठरलेलं आहे: लोकांना आस्था नाही, वेळ नाही. हे निदान करणाऱ्यांनी त्याच महिन्यात त्याच इमारतीत जरा फिरून यावं. सार्वजनिक गणेशोत्सवाला लोकमान्यांनी १८९३ साली चालना दिली, आणि तेव्हापासून मराठी माणसाला एका जागी जमता येत नाही असं म्हणायची सोय उरलेली नाही. आरतीला चौथ्या मजल्यावरचे येतात, भाडेकरू येतात, ज्यांचं एकमेकांशी पार्किंगवरून बोलणं बंद आहे तेही शेजारी उभे राहून टाळ्या वाजवतात. गणपतीला येतात ते गणपूर्तीला येत नाहीत, एवढाच फरक. इमारत तीच, माणसं तीच, बहुतेक वर्षी महिनाही तोच, कारण वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत उरकावी लागते. तेव्हा दोष माणसांत शोधण्याऐवजी समारंभात शोधायला हवा.

समारंभात असतं काय? मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मागील वर्षाचा जमाखर्च स्वीकारणे. लेखापरीक्षण अहवालाची नोंद घेणे. सगळ्या क्रियापदांची तोंडं मागे आहेत. लिफ्टचं कंत्राट एप्रिलमध्ये देऊन झालेलं असतं, गच्चीचं वॉटरप्रूफिंग मे महिन्यात होऊन जूनमध्ये पुन्हा गळायलाही लागलेलं असतं, आणि सप्टेंबरात सभासदाला बोलावून त्याची संमती मागितली जाते. वरातीमागून आलेल्या घोड्याला निदान नवरदेव कुठे गेला हे माहीत नसतं. सभासदाला तेही माहीत असतं. पुढचा एकच विषय उरतो, तो म्हणजे ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’, आणि ती परवानगी सहसा चहा आल्यावर मिळते. शहाणा माणूस अशा ठिकाणी जात नाही. गैरहजर सभासदाला आळशी म्हणणाऱ्यांनी त्याचा हिशेब तपासावा, तो लेखापरीक्षकापेक्षा चोख निघेल.

हा हिशेब खरा आहे याचा पुरावा पुनर्विकासाच्या सभेत मिळतो. २०१९ सालच्या शासन निर्णयानुसार या विशेष सभेला दोन तृतीयांश सभासद लागतात, सभेचं चित्रीकरण करावं लागतं, आणि माणसं जमली नाहीत तर साडेदहाची पळवाट नाही. तरी गच्ची भरते. अमेरिकेतला मुलगा मुखत्यारपत्राची चौकशी करतो, गुडघेदुखीवाल्या आजी लिफ्ट बंद असतानाही पाच जिने चढतात. कारण इथे कोणाला किती चौरस फूट मिळणार हे अजून ठरायचं असतं.

यावर समितीची बाजू आहे, आणि ती खोटी नाही. ही माणसं फुकट राबतात, वॉचमन पळाला की रात्री अकराला त्यांचीच बेल वाजते, शिवाय संस्थेच्या निर्णयांची जबाबदारी स्वतःच्या डोक्यावर घ्यायची. अशा माणसाने प्रत्येक नळासाठी सभा बोलवावी का? नळासाठी नको. पण डोक्यावर जबाबदारी घेणाऱ्यालाच खरं तर २० साक्षीदार हवे असायला हवेत. तरीही साडेदहाची ओळ समितीला प्रिय असते, कारण न आलेला माणूस प्रश्न विचारत नाही. आणि ती सभासदालाही तितकीच प्रिय असते, कारण सभेला न गेल्याने वर्षभर लिफ्टमध्ये ‘यांनी परस्पर ठरवलं’ म्हणायचा हक्क शाबूत राहतो. असा हा दोन्ही पक्षांना मानवणारा अर्ध्या तासाचा तह आहे. तो मोडण्याची घाई कोणालाच नाही.

सरकारने एकदा प्रयत्न करून पाहिला. ९७व्या घटनादुरुस्तीच्या पाठोपाठ २०१३ साली राज्याच्या सहकार कायद्यात ‘क्रियाशील सभासद’ अवतरला. पाच वर्षांत निदान एका सर्वसाधारण सभेला हजर राहा, नाहीतर मताचा अधिकार जाईल. नाशकात सिंहस्थ १२ वर्षांनी येतो, त्या मानाने ही तातडीच म्हणायची. पण जो मत द्यायला येतच नाही त्याचं मत काढून घेणं म्हणजे एकादशी धरलेल्याला शिक्षा म्हणून उपाशी ठेवणं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तर सगळेच क्रियाशील असतात; तिथला अंगठा मात्र इतिवृत्तात उमटत नाही.

उपाय शोधायला कुठे लांब जायला नको. सभेची नोटीस १४ दिवस आधी काढावीच लागते. तिच्यासोबत लिफ्टच्या देखभालीची तीन दरपत्रकं जोडावीत, कंत्राट द्यायच्या आधी. आधी गच्ची की आधी ड्रेनेज, हे सभेने ठरवावं. यावर अनुभवी अध्यक्ष म्हणतील, लोक आले की भांडतात. भांडतीलच. सभा दुपारी दोनपर्यंत चालेल, कोणीतरी २०११ सालचा पेव्हर ब्लॉक उकरून काढेल, वडे थंड होतील. पण रविवारी चार तास समोरासमोर झालेलं भांडण इतिवृत्तात लिहिता येतं. वर्षभर जिन्यात चाललेली कुजबुज लिहायला वही पुरणार नाही.

यंदाचा कागद एव्हाना तुमच्याही जिन्याखाली लागला असेल. तळाची ओळ वाचू नका. वरची वाचा, आणि १० ला या.