माया सोडणाऱ्या काकू

सोमवारी संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितलं आणि मंगळवारी सकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मला जिन्यात अडवलं. काही न बोलता त्यांनी माझ्या कुर्त्याची बाजूची शिवण दोन बोटांत धरली, उलटी केली आणि चष्मा कपाळावर सरकवून नाकाजवळ नेली.

"पाव इंच," त्या म्हणाल्या. "पाव इंच माया सोडलीय मेल्यानं. पाचव्या महिन्यात काय करशील?"

आमच्या सासूबाईंनाही अजून कळलेलं नव्हतं. काकूंना कसं कळलं ते पुढं कधीतरी त्यांनीच सांगितलं : आमच्याकडं दूध अर्धा लिटर वाढलं होतं आणि मी वडापावच्या गाडीपाशी रस्ता ओलांडून पलीकडून जायला लागले होते.

माया म्हणजे शिवणीच्या आत राखून ठेवलेलं जादा कापड. पुढं अंग भरलं तर टीप उसवून कपडा सैल करता यावा म्हणून शिंपी ते सोडतो. म्हणजे पूर्वी सोडायचा. तयार कपडेवाल्यांनी ते केव्हाच खाऊन टाकलं. काकू माणसांची पारखही यावरच करतात. एखाद्या सुनेबद्दल त्या "पोरगी बरी आहे, पण घरच्यांनी माया सोडलेली नाही" असं म्हणाल्या, तर त्या स्वभावाबद्दल बोलतायत की ब्लाऊजबद्दल, हे विचारून घ्यावं लागतं.

अशा काकू डोंबिवलीत दर दोन इमारतींमागे एक तरी असतात. इतर ठिकाणीही असाव्यात, पण आमच्याकडच्या पाण्यात काहीतरी आहे. वय साठीपुढं, गळ्यात मंगळसूत्राइतकाच कायमचा टेप, खिडकीशी पायाची उषा मशीन, आणि एकच ठाम मत : बाळंतपणासाठी नवे कपडे घेणं म्हणजे भाड्याच्या घराला मार्बल बसवणं.

मी मात्र सुशिक्षित. मोबाईलवरून एक 'मॅटर्निटी ड्रेस' मागवला, 2,199 रुपये. पोटाला इलॅस्टिक, गळ्याला छुपी चेन, सोबत आभार मानणारं कार्ड. काकूंनी कार्ड वाचलं, ड्रेस उलटा केला आणि तोंडी हिशेब मांडला. पोट दिसायला चौथा-पाचवा महिना उजाडणार, म्हणजे हा अंगावर फार तर चार महिने. एकशे वीस दिवस. "दिवसाला अठरा रुपये. रोजचा एक वडापाव झाला, आणि तो तुला सोसतही नाही."

इलॅस्टिकचा त्यांना मनापासून तिटकारा. "इलॅस्टिकला माया नसते, ते नुसतं ताणतं." त्यांचा सगळा भरवसा नाडीवर. परकराची नाडी पहिल्या महिन्यातही बसते, नवव्यातही बसते आणि बाराव्या दिवशीही बसते. ती कुणाच्या कंबरेबद्दल काही गृहीत धरत नाही. बाळंतिणीच्या कपड्यांतलं सगळं शहाणपण आपल्या पणज्यांनी आधीच शिवून ठेवलंय, असं त्यांचं म्हणणं. नऊवारी कितीही सैल नेसता येते, आणि पुढं गाठ मारायची चोळी बाळाला घ्यायला एका हातानं सुटते. एकदा मी एसटी स्टँडवरच्या हिरकणी कक्षाचं कौतुक केलं, तर म्हणाल्या, "हिरकणी रायगडाचा कडा उतरली ती नऊवारी नेसून. असला चेनचा ड्रेस असता तर पहिल्याच खडकात चेन अडकून बसली असती, आणि बाळ बसलं असतं रडत." यावर बोलण्यासारखं काही उरत नाही.

काकूंचं काम प्रत्यक्ष बघण्यासारखं. कपडा उलटा करून मांडीवर घेतात. दाढीचं ब्लेड कागदासकट मधोमध मोडतात, अर्धं डब्यात परत आणि अर्धं चिमटीत. टीप कापत नाहीत, दर चौथा-पाचवा टाका नुसता टोचतात. मग दोन्ही बाजू धरून हलकेच ओढल्या की दोरा टरटरत निघून येतो आणि आतली माया बाहेर पडते. गंमत अशी की आतल्या कापडाला ऊन लागलेलं नसतं, साबण लागलेला नसतो. बाहेरचा ब्लाऊज विटून फिकट झालेला आणि काखेपासून कंबरेपर्यंत दोन्ही बाजूंना बोटभर रुंदीचे, दुकानातून आल्या दिवसाइतके गडद पट्टे. आमच्या इमारतीत कुणाला दिवस गेले हे सांगावं लागत नाही. वॉचमनसुद्धा पट्टे बघून लिफ्टचं दार धरून उभा राहतो.

त्या पट्ट्यांची मला लाज वाटायची, हे कबूल करते. ऑफिसात एकीनं विचारलं, ही फॅशन कुठली? मी म्हटलं, डोंबिवली.

पण एका बाबतीत काकूंनी मला जिंकलं. सातव्या महिन्यात मी ढगळ कुर्ते घालून लोकलनं जात होते आणि ठाण्यापर्यंत उभी राहत होते. काकूंनी त्यातला एक कुर्ता घेतला आणि, आश्चर्य म्हणजे, पोटाखाली आत घेतला. "लपवतेस कशाला? ढगळ कपड्यात पोट आहे की नुसतं कापड, हे फास्ट गाडीतल्या बायकांनी ओळखायचं कसं?" दुसऱ्या दिवशी मी डब्यात पाय ठेवला आणि तिघी एकदम उठल्या. 2,199 च्या ड्रेसनं मला एकदाही जागा मिळवून दिली नव्हती.

त्यांचं खरं साम्राज्य म्हणजे पलंगाखालची पत्र्याची ट्रंक आणि तिची दोनशे पानी वही. ट्रंकेत गाऊन. काकू उल्हासनगरला जातात, चार स्टेशनं पुढं, गजानन मार्केटातून चेन डझनावारी आणतात आणि लोकांच्या जुन्या सुती गाऊनच्या छातीवरच्या दोन उभ्या शिवणी उसवून त्यात बसवतात. वरून पट्टी, म्हणजे चेन दिसत नाही. झाला फिडिंग गाऊन, खर्च दोन चेनचा. वहीत प्रत्येक गाऊनला नंबर, कुणी कधी नेला, कधी परत केला, आणि शेवटच्या रकान्यात 'मु.' किंवा 'मुलगी'. निळ्या फुलांच्या सात नंबरापुढं लागोपाठ दोनदा 'जुळी' लिहिलंय. तो गाऊन सगळ्यांत मऊ, सगळ्यांत चांगला, आणि गेली कित्येक वर्षं ट्रंकेच्या तळाशी पडून आहे. डॉक्टर असलेल्या एका भाडेकरणीला काकूंनी तो देऊ केला होता. तीसुद्धा नको म्हणाली.

2017 साली कायद्यात दुरुस्ती होऊन बाळंतपणाची पगारी रजा 12 आठवड्यांची 26 आठवडे झाली, तेव्हा सगळ्या बायकांना आनंद झाला. काकू तेवढ्या वैतागल्या. "गाऊन अडकून पडतात गं. आधी तीन महिन्यांत परत यायचे."

डोहाळजेवणाची हिरवी साडीही ट्रंकेतलीच. इमारतीतल्या सगळ्यांच्या डोहाळजेवणाचे फोटो एकत्र ठेवले तर फुलांच्या वाड्या वेगळ्या, मखर वेगळं, चेहरे वेगळे, आणि साडी तीच. माझ्या नवऱ्यानं एकदा व्हॉट्सॲपवर दुसरीचाच फोटो 'सुंदर दिसतेस' म्हणून मला पाठवला होता. त्याबद्दल मी अजून काही बोललेले नाही.

बाळंतपणानंतर काकूंचं म्हणणं मला टप्प्याटप्प्यानं पटत गेलं. मालिशवाल्या मावशींचं तेल, पाठ शेकताना सांडलेला ओवा, हळद, दूध आणि बाळानं परत केलेलं दूध, हे सगळं पहिल्या आठवड्यातच अंगावरच्या अकरा नंबरनं मुकाट्यानं पचवलं. तो आधीच चौघींचं पचवून बसलेला. पोट बांधायला त्यांनी आपली जुनी सुती साडी उभी फाडून दिली. बाळाला सुरुवातीला जुनंच कापड का घालायचं हे त्यांनी सांगितलं नाही, नव्या झबल्याची कडक शिवण माझ्या गालावर घासली. कळलं. ट्रंकेतल्या गाऊनची पुढची वाटचालही ठरलेली : विटला की दुपटं, दुपट्याचं लंगोट, लंगोटाचं फडकं. माझी मुलगी ज्यात गुंडाळून घरी आली ते दुपटं म्हणजे निवृत्त झालेला तीन नंबर होता.

आता एक चोरी सांगायची राहिली. कामावर परत जायच्या आधी मी ठाण्याला गेले आणि एका दुकानातून पूर्ण किंमत मोजून एक कुर्ता आणला. आमसुली रंगाचा, सुती, पुढं नीट बटणं, बाळाला घेता येईल असा. कुणाचाही नंबर नसलेला, कुणाच्याही मुलाचा इतिहास नसलेला, फक्त माझा. कपाटात चादरींखाली ठेवला. काकू दुपारी बाळाला बघायला आल्या, दुपटं बदलायला म्हणून कपाट उघडलं आणि तो कुर्ता हातात घेऊन उभ्या राहिल्या. मी हिशेबाची वाट बघत होते. त्यांनी तो उलटा केला, शिवण चिमटीत धरली आणि गळ्यातला टेप लावला.

"दीड इंच," त्या हळूच म्हणाल्या. मग परत मोजलं. "दीड इंच सोडलीय. कुठला गं हा शिंपी?"

त्या दिवशी त्यांनी माझ्याकडं चहा घेतला नाही, घाईघाईनं खाली गेल्या. वर्षभर मी तो कुर्ता घातला. बाळाचं अंगावरचं सुटलं त्याच आठवड्यात काकू पिशवी घेऊन दारात हजर झाल्या, आणि मला काही समजायच्या आत वहीत तेवीस नंबर पडला.

परवा जिन्यात चौथ्या मजल्यावरची नवी सून भेटली. अंगावर तेवीस नंबर. काकूंनी आगाऊच उसवून ठेवला होता. काखेपासून खाली दोन्ही बाजूंना गडद आमसुली पट्टे. मी अभिनंदन म्हणायला तोंड उघडलं, तर तिनं घाबरून वरच्या मजल्याकडं बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

सासूबाईंना अजून सांगायचं होतं.