शेजारचा टॉवर

गेल्या जुलैत गुहागर तालुक्यात आत्याकडे होतो. पहिला दिवस नुसत्या पावसाचा. दुसऱ्या दिवशी सकाळी लाइट गेली आणि दुपारी तिच्या मोबाइलची रेंज गेली. आतेभाऊ रोज संध्याकाळी मुंबईहून फोन करतो. आत्या पडवीत फोन हातात धरून बसली होती आणि पडद्यावर तीन शब्द होते : 'फक्त आणीबाणीचे कॉल'. शेजारच्या घरी दुसऱ्या कंपनीचे सिम. त्यांच्या फोनवर तीन दांड्या. अंधार पडायच्या आत आत्या छत्री घेऊन तिकडे गेली, त्यांच्या फोनवरून 'मी बरी आहे रे' एवढे सांगून आली. तिचे वय चौऱ्याहत्तर, वाट निसरडी.

ते तीन शब्द मी त्या रात्री पुन्हा पुन्हा वाचले. तुम्हीही नीट वाचा. हवेत काहीच नसते तर फोनने 'सेवा नाही' म्हटले असते. सिम ठीक असताना 'फक्त आणीबाणीचे कॉल' दिसले, तर अर्थ एकच. तुमच्या कंपनीचा टॉवर ऐकू येत नाही, पण दुसऱ्या कंपनीचा येतो. ११२ लावलात तर तोच परका टॉवर तुमचा कॉल उचलून पुढे नेणार आहे. तुमचा फोन त्याला ऐकतो, तो तुमच्या फोनला ऐकतो. मुलाला करायचा फोन मात्र तो घेत नाही. अंतर, डोंगर, पाऊस यांतले काहीही आड आलेले नाही. आड आला आहे दोन कंपन्यांमध्ये नसलेला एक करार.

आत काय घडते तेही सांगतो. फोन परक्या टॉवरला विचारतो, मला आत घेता का? टॉवरमागची यंत्रणा सिमवरचा क्रमांक पाहते, सिम कोणत्या कंपनीचे हे ओळखते, त्या कंपनीशी रोमिंग ठरलेले नाही असे पाहून नकार देते. फोन तो नकार लक्षात ठेवतो. नकार देणाऱ्या नेटवर्कची एक यादी सिममध्येच लिहिली जाते आणि फोन आपणहून पुन्हा त्या दारात जात नाही. ही यादी पुढे कामाला येणार आहे, लक्षात असू द्या.

आता हेच गाव घ्या आणि तिथे एक जर्मन पाहुणा आणा. त्याचे सिम जर्मनीतले. त्याच्या कंपनीने भारतात बहुधा एकाहून जास्त कंपन्यांशी करार केलेला असतो. एकीचा टॉवर पडला की त्याचा फोन दुसरीवर जातो. गुहागरच्या किनाऱ्यावर संकटाच्या रात्री परदेशी पाहुणा बोलू शकतो आणि तिथेच जन्मलेली बाई बोलू शकत नाही. ही व्यवस्था माणसांनी ठरवलेली आहे, म्हणून ती माणसांना बदलताही येते.

कंपन्या म्हणतात, आम्ही प्रतिस्पर्धी. पण त्या डोंगरावरचा लोखंडी सांगाडा बहुतेक वेळा त्यांच्यातल्या कोणा एकीचा नसतोच. २००७ मध्ये भारती, व्होडाफोन आणि आयडिया या एकमेकींशी झुंजणाऱ्या तीन कंपन्यांनी मिळून इंडस टॉवर्स उभी केली. एकच सांगाडा, एकच जनरेटर, एकच बॅटऱ्यांची खोली, आणि वर वेगवेगळ्या कंपन्यांचे अँटेना. डिझेल वाटून घेता येते, जमिनीचे भाडे वाटून घेता येते. आपत्तीच्या दोन दिवसांत रेडिओ वाटून घ्या म्हटले की स्पर्धा आठवते.

तंत्र नवे आहे, असेही कोणी सांगू नये. २०१० च्या थ्रीजी लिलावात एकाही खासगी कंपनीला सगळ्या सर्कलमध्ये, म्हणजे दूरसंचार परवान्याच्या विभागांत, स्पेक्ट्रम मिळाले नाही. तेव्हा एअरटेल, व्होडाफोन आणि आयडियाने आपापसांत करार केले आणि जिथे स्वतःचे स्पेक्ट्रम नव्हते, तिथे दुसरीच्या टॉवरवरून ग्राहकांना थ्रीजी दिले. यालाच इंट्रा-सर्कल रोमिंग म्हणतात, म्हणजे आपल्याच सर्कलमध्ये परक्या नेटवर्कवर जाणे. २०११ च्या अखेरीस दूरसंचार विभागाने हे बंद करा म्हटले. कंपन्यांनी ऐकले नाही, त्या लवादात गेल्या आणि एप्रिल २०१४ मध्ये जिंकल्या. म्हणजे धंदा होता तेव्हा याच कंपन्यांनी या सोयीसाठी सरकारशी झगडा केला होता. कोकणातल्या पुराच्या रात्री त्यात पैसा नाही, म्हणून ती अवघड झाली.

हिशेबाचे कारण तर मुळीच पुढे करू नका. एका कंपनीचा कॉल दुसरीच्या ग्राहकाला लागला की त्याचे मिनिटामागे पैसे द्यावे लागत. आधी १४ पैसे, ऑक्टोबर २०१७ पासून ६ पैसे, आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य. देशभरातल्या कोट्यवधी कॉलचा पैशापैशाचा हिशेब ज्यांनी वर्षानुवर्षे ठेवला, त्यांना चार तालुक्यांच्या दोन दिवसांचा हिशेब जड जाईल, हे मला पटत नाही.

खऱ्या अडचणी आहेत, आणि त्या मी डावलणार नाही. नेटवर्क बाहेरून एक दिसते, आतून ते पंचमेळ असते. एका कंपनीच्या टॉवरवर एरिक्सनची यंत्रे, दुसरीकडे नोकियाची, तिसरीकडे सॅमसंगची. बीएसएनएलच्या फोर-जीत तेजस आणि सी-डॉटची देशी यंत्रे. प्रत्येक यंत्राची देखरेखीची प्रणाली वेगळी, धोक्याच्या सूचनेची भाषा वेगळी. एकाच्या पडद्यावर जे 'वीज गेली', तेच दुसऱ्याच्या पडद्यावर 'संपर्क तुटला'. नियंत्रण कक्षात रात्रपाळीला बसलेला इंजिनिअर वादळात हजारो लाल ओळींमधून शोधत असतो, की कुठे बॅटरी संपली, कुठे फायबर तुटली आणि कुठे टॉवरच आडवा झाला. वादळात फायबर बहुतेकदा झाडाखाली किंवा खचलेल्या रस्त्यात सापडते. ती तुटली की मागचे चांगले उभे असलेले टॉवरही मुके होतात. या माणसांबद्दल मला आदर आहे. त्यांचे काम कठीण आहे आणि रेंज असते तोवर ते कोणाला दिसत नाही.

दुसरी अडचण पिढीची. जिओकडे टूजी नाहीच. आत्याच्या गावात अजून बटणांचे टूजी फोन आहेत. त्यांना जिओचा टॉवर शेजारी असून उपयोगाचा नाही. फोर-जीवरून आवाज नेणे दोन वेगळ्या कंपन्यांमध्ये जुळवायला जास्त खटपट लागते. ती वादळाच्या रात्री होत नाही, महिनोन्‌महिने आधी चाचण्या घेऊन करावी लागते. तिसरी अडचण गर्दीची. चार कंपन्यांचे ग्राहक एका टॉवरवर आले तर तो कोलमडेल. मग व्हिडिओ बंद ठेवा. आवाज आणि एसएमएस चालू ठेवा. 'मी बरी आहे' याला फार जागा लागत नाही.

आणि एक मर्यादा मी स्वतःहून सांगतो, नाहीतर माझी मागणी अर्धवट ठरेल. परक्या टॉवरने तुम्हाला आत घेतले तरी 'हे सिम खरे का' हे त्याला तुमच्या मूळ कंपनीच्या मध्यवर्ती यंत्रणेला विचारावे लागते. तीच बंद असेल तर शेजारी काही करू शकत नाही. ८ जुलै २०२२ ला कॅनडात रॉजर्सचे जाळे असेच मध्यातून कोसळले. राउटरच्या मांडणीतला एक बदल चुकला आणि १ कोटी २० लाखांहून अधिक ग्राहक तुटले. देखरेखीची वाटही त्याच जाळ्यावर टांगलेली, त्यामुळे दुरुस्ती करणाऱ्यांनाच आत शिरता येईना. त्यात भर म्हणजे टॉवरचे रेडिओ चालूच राहिले. फोनना वाटले आपले नेटवर्क आहे. ते दुसरीकडे गेले नाहीत, आणि अनेकांचा तिथला आणीबाणीचा क्रमांक ९११ सुद्धा लागला नाही. पुढच्या वर्षी ८ नोव्हेंबरला ऑस्ट्रेलियात ऑप्टसचे तसेच झाले, आणि २,१४५ माणसांचे आणीबाणीचे कॉल पोहोचले नाहीत.

कोकणातला आजार मात्र वेगळा आहे. इथे मेंदू शाबूत असतो. कंपन्यांची मध्यवर्ती यंत्रणा दूरच्या मोठ्या शहरांत सुरक्षित चालू असते. इथे लुळे पडतात ते हातपाय, म्हणजे गावातला टॉवर, त्याची वीज, त्याची फायबर. शेजारच्या टॉवरचा आधार याच आजारावर नेमका लागू पडतो. अशा ठिकाणी तो न देणे हा निव्वळ हलगर्जीपणा आहे.

करायचे म्हटले तर किती दिवस लागतात? युक्रेनवर २४ फेब्रुवारी २०२२ ला हल्ला झाला. मार्चच्या पहिल्या आठवड्यातच तिथल्या कीवस्टार, व्होडाफोन युक्रेन आणि लाइफसेल या तीन प्रतिस्पर्ध्यांनी देशांतर्गत रोमिंग सुरू केले. डोक्यावर बॉम्ब पडत असताना त्यांनी दोन आठवड्यांच्या आत जे केले, ते आपल्याकडे शांततेच्या उन्हाळ्यात व्हायला काय हरकत आहे?

परकी जाळी एकमेकांना जोडण्याची गोष्ट फार जुनी आहे. तारायंत्राच्या सुरुवातीला युरोपात प्रत्येक देशाची तार वेगळी होती. स्ट्रासबर्गच्या तारघरात फ्रेंच कारकून पॅरिसचा संदेश कागदावर उतरवून घेई आणि टेबलापलीकडच्या जर्मन कारकुनाच्या हातात देई. तो त्याचे भाषांतर करून आपल्या तारेवर पुन्हा ठोकी. हा वेडेपणा संपवण्यासाठी १७ मे १८६५ ला वीस देशांनी पॅरिसमध्ये करार केला. आजच्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा तो जन्मदिवस, आणि म्हणूनच १७ मे जागतिक दूरसंचार दिन. २०२१ च्या १७ मे रोजी तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याला घासत वर सरकत होते आणि कोकणातल्या कितीतरी घरांत फोन लागत नव्हते. आणि गेल्या जुलैत, त्या कराराला दीडशेहून जास्त वर्षे झाल्यावर, आत्याचा निरोप पुन्हा माणसाच्या पायांनी टेबलापलीकडे गेला.

सरकारला इंट्रा-सर्कल रोमिंगची सोय ठाऊक नाही असे नाही. जून २०२३ मध्ये बिपरजॉय वादळात गुजरातेत ही सोय सुरू केली होती. ऑगस्ट २०२५ च्या पुरात जम्मू-काश्मीरमध्ये केली. जानेवारी २०२५ मध्ये सरकारी निधीतून उभारलेल्या फोर-जी टॉवरवर एकापेक्षा जास्त कंपन्यांच्या ग्राहकांना सेवा मिळावी अशी योजना जाहीर झाली, सुमारे २७ हजार टॉवरसाठी. दूरसंचार कायदा २०२३ ने आपत्तीत नेटवर्क तात्पुरते ताब्यात घेण्याचाही अधिकार सरकारला दिला आहे. निर्णय चांगले आहेत, आणि त्यांचे श्रेय द्यायला मला संकोच नाही.

माझी तक्रार वेळेची आहे. प्रत्येक आपत्तीला आदेश निघायचा, मग कंपन्यांनी दार उघडायचे, मग लोकांना कळवायचे. कळवायचे कुठे? सोय सुरू झाल्याचा संदेश ज्या फोनवर यायचा, त्यालाच रेंज नाही. आणि ती नकाराची यादी आठवा. दार उघडले तरी फोन आपणहून तिकडे फिरकेलच असे नाही, कारण त्याला आधीचा नकार आठवतो. माणसाला स्वतः सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क निवडावे लागते. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला हे अंधारात, पावसात, कोणी न शिकवता जमावे अशी अपेक्षा ठेवून व्यवस्था उभी करता येत नाही.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. २२ जुलै २०२१ ला महाड-चिपळूणला पूर आला आणि तळियेवर दरड कोसळली. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी दरडीखाली गेली. आणि माळीण? ३० जुलै २०१४ ला गाव गाडले गेल्याची बातमी बाहेर आणली ती एसटीच्या चालकाने, गाडी घेऊन गेला तेव्हा गाव दिसले नाही म्हणून. या तारखांमध्ये काहीही अनपेक्षित नाही. जून आणि जुलै. आपला पाऊस कॅलेंडर बघून येतो, तर आपला आदेशही कॅलेंडर बघूनच निघाला पाहिजे. १ जून ते ३० सप्टेंबर, पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरच्या तालुक्यांत, शेजारच्या टॉवरचे दार कायम उघडे असले पाहिजे. आदेशाची वाट न बघता. एप्रिल-मे मध्ये चाचणी, जूनच्या पहिल्या आठवड्यात ग्रामपंचायतीत लोकांसमोर एक प्रात्यक्षिक.

तुम्हाला दोन कामे सांगतो. घरातल्या वडीलधाऱ्यांचा फोन आज हातात घ्या. सेटिंगमध्ये मोबाइल नेटवर्क उघडा, आपोआप निवड बंद केली की आसपासच्या कंपन्यांची नावे दिसतात, ती कुठे दिसतात ते त्यांना दाखवा, आणि आपोआप निवड परत चालू करून ठेवा. दुसरे, जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७ वर फोन लावा आणि एकच प्रश्न विचारा : यंदाच्या पावसाळ्यात आमच्या तालुक्यात इंट्रा-सर्कल रोमिंग कोणत्या तारखेपासून चालू आहे? उत्तर तारखेत मिळेपर्यंत विचारत राहा.