34 तासांची सक्ती

अमारिलो, टेक्सास
रविवार

ती. आईस,


आधी हे वाच, मग बाकीचं: आम्ही उडून गेलेलो नाही. टीव्हीवर दाखवलं ते वादळ टेक्सासातलंच होतं हे खरं, पण या टेक्सासात आपले दोन महाराष्ट्र मावतात आणि वर थोडी जागा उरते. तरी तुझा आवाज ऐकून बरं वाटलं. मागून आबा 'बिल वाढतंय, ठेव' म्हणून ओरडत होते, तेही ऐकलं. व्हॉट्सअ‍ॅपच्या फोनचं बिल येत नाही, हे दादाने त्यांना परत एकदा सांगावं.

पार्सल फ्रेस्नोच्या घरी पोचलं. कुरडयांचा भुगा झालाय, पण मेतकूट शाबूत आहे. ते आत्ता माझ्याजवळ ट्रकमध्येच आहे. चिनू कॉलेजला गेल्यापासून घरात एकटीने भिंती बघायचा कंटाळा आला, म्हणून ड्रायव्हर हे आणि किन्नर मी, असं चाललंय. हे पत्र ट्रकस्टॉपच्या धुलाई मशीनसमोर बसून लिहितेय, अक्षर हलेल.

'भर कामाच्या दिवसांत हायवेवर दोन दिवस बसून काय करताय?' असं तू विचारलंस. बसलो नाही गं, बसवलंय. इथे ड्रायव्हरने विश्रांतीनंतर 11 तासच गाडी चालवायची. तेही कामाला हात लावल्यापासून 14 तासांच्या आत. मध्ये जेवा, डुलकी काढा, टायर बघत उभे राहा, ते 14 तास सरतच असतात. मग सलग 10 तास आराम. आठ दिवसांत कामाचे 70 तास भरले की गाडी चालवणं बंद. त्यावर सलग 34 तास कामाला हात लावला नाही तर हिशेब पुन्हा शून्यावर येतो. आमचे ते 34 सध्या चालू आहेत. पूर्वी हे वहीत लिहायचे, तेव्हा पेन्सिल असायची आणि खोडरबरही असायचं. 2017 च्या डिसेंबरपासून इंजिनालाच डबी जोडायची सक्ती झाली. चाक हललं की तिला कळतं.

परवा एका कोल्ड स्टोरेजवाल्याने माल उतरवायला अर्धा दिवस ताटकळत ठेवलं. दोष त्याचा, तास आमचे गेले. हे गप्प. मीच त्याला काय ते बोलले, पण मराठीत, म्हणून भांडण टळलं.

मामंजींना हा नियम सांगितला तर हसतील. गुळाच्या ढेपा भरून कराड ते वाशी, खंबाटकीत डोळ्यांवर पाणी मारायचं आणि पुढे. पण तसंच पाणी मारत चालवणाऱ्या यांच्या धाकट्या काकांचं काय झालं ते आपल्याला माहीत आहे. म्हणून त्या डबीला शिव्या घालते त्या मी हळूच घालते.

आता किंमत सांगते, खाली बसून ऐक. अंघोळीला पंधरा-सोळा डॉलर! माणशी! म्हणजे हजारावर रुपये एका अंघोळीचे, आणि बादली नाही. डिझेल भरलं की ड्रायव्हरची अंघोळ फुकट होते, किन्नरने काय करायचं? नंबर लावायचा, मग लाउडस्पीकरवर पुकारा होतो: अमुक नंबर, सात नंबरच्या न्हाणीत या. सगळ्या हॉलला कळतं, बाई अंघोळीला निघाल्या. प्रीतिसंगमावर आपण दिवसभर डुंबायचो, कृष्णामाईने कधी पावती फाडली नाही.

तर या सक्तीत आम्ही काय बघितलं ते ऐक. आमची गाडी ट्रेलरसकट सत्तरेक फूट, गावात शिरायचं नाव नको. त्यामुळे हायवेच्या कडेला असेल तेच आमचं महाबळेश्वर. आरामाच्या वेळात जेवायला किंवा करमणुकीला जाण्यापुरता ट्रक हलवलेला चालतो, डबीत 'खासगी' अशी नोंद करायची. तशी करून आम्ही कॅडिलॅक रँचला गेलो.

उघड्या रानात दहा कॅडिलॅक गाड्या ओळीने पुरल्यात. नाक मातीत, ढुंगण वर, आणि सगळ्या एकाच कोनात तिरक्या. 1974 मध्ये 'अँट फार्म' नावाच्या कलाकार मंडळींनी हे केलं, पैसे इथल्याच एका लहरी श्रीमंताचे. शहर वाढत जवळ आलं तेव्हा 1997 मध्ये सगळ्या उपटल्या आणि पश्चिमेला दोनेक मैलांवर पुन्हा तशाच पुरल्या. आबांनी आयुष्यात चारचाकी घेतली नाही, त्यांना हे सांगू नकोस. तिकीट नाही, दरवान नाही, उलट ज्याला वाटेल त्याने रंग मारावा. थरावर थर चढून पत्रा आता हाताला लागतच नाही, कडेला रंगाचे जाड पापुद्रे सुटलेत.

बेंदराला आपण शिंगं रंगवतो तसंच चाललं होतं बघ. पोरं स्प्रेचे डबे खुळखुळवतायत, बापाच्या शर्टावर निळा डाग, आई लांबून ओरडतेय. कुणीतरी जाताना अर्धा डबा माझ्याही हातात दिला. मी एका दारावर 'सर्जा' लिहिलं. वारा असा, की निम्मा रंग ओढणीवर आणि रफार शेजारच्या गाडीवर. यांनी विचारलं, 'कोण हा?' म्हटलं, माहेरचा बैल. मग हे बराच वेळ टायर बघत राहिले.

सर्जा विकल्याचं तुम्ही मला महिनाभर सांगितलं नाहीत. ट्रॅक्टर घेतलात ते बरंच केलंत, दादाची कंबर वाचली. पण उद्या बेंदराला ट्रॅक्टरच्या तोंडाशी पुरणपोळी धरणार आहात का, वहिनीला विचार.

दादा हायवेला मिसळीचं हॉटेल काढतोय म्हणे. त्याला ग्रूमचा मनोरा सांग. अमारिलोहून पूर्वेला चाळीसेक मैलांवर पाण्याची एक टाकी हायवेकडेला कलंडून उभी आहे. ब्रिटन नावाच्या माणसाचा तिथे ट्रकस्टॉप होता. गिऱ्हाईक थांबावं म्हणून त्याने टाकी मुद्दाम तिरकी रोवली. 'टाकी पडतेय' म्हणून ड्रायव्हर धावत आत सांगायला यायचे आणि जेवूनच निघायचे म्हणतात. पुढे ट्रकस्टॉप जळाला, टाकी अजून पडायची आहे. दादाने बांधलेली पाण्याची टाकी तशीही वाकडीच असते, तेवढा खर्च वाचेल.

'बिग टेक्सन' हॉटेलची युक्ती मात्र त्याला सांगू नकोस. 72 औंसांचं, म्हणजे दोन किलोंचं मांस, वर कोळंबी, बटाटा, सॅलड आणि पाव, सगळं तासाभरात संपवलं तर फुकट. पैज लावणाऱ्याला चौथऱ्यावर बसवतात आणि बाकीचे जेवता जेवता त्याच्याकडे बघतात. कसलं मांस ते माळकरी माणसाच्या घरी लिहीत नाही. आम्ही ढाब्यावर गेलो. या रस्त्याला पंजाब्यांचे ढाबे आहेत, देव त्यांचं भलं करो. पराठ्यावर मेतकूट घालून खाल्लं, तर शेजारचे सरदारजी चव बघायला सरकले. दादाने मिसळीची अशी पैज लावली तर पहिल्याच दिवशी बंडू येईल आणि हॉटेल बसेल.

मशीन थांबलं. मागे एक दाढीवाला आपली टोपली घेऊन उभा आहे, तेव्हा आटोपते. सुशीमावशीच्या सुनेने वेगळी चूल मांडली यात एवढं नवल काय? मावशीकडे मीसुद्धा आठवडाभर राहिलेय.

तुझी,
सुमन

ता. क. तात्यांच्या मोतीबिंदूचं सगळेच टाळतात. ऑपरेशन झालं, की ते पुन्हा दवाखान्याच्या दारातून पळाले?