एक अक्षर पुढे

रॉकेटचं किट विकत आणून डब्यावर लिहिल्याप्रमाणे जोडणारे आणि डब्यावरचं वाचून मिशीतल्या मिशीत हसणारे, अशा या छंदात दोन जाती आहेत. पहिलीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. त्यांचं रॉकेट उडतं, पॅराशूट उघडतं, आणि मंडळी जेवायच्या वेळेला घरी पोचतात. दुसऱ्या जातीचा एक अस्सल नमुना कोलोरॅडोत आमच्या शेजारी राहतो.

वय साठीपुढं. टी-शर्टवर इपॉक्सीचे वाळलेले ओघळ. गॅरेज दोन गाड्यांचं, म्हणून दोन्ही गाड्या बाहेर बर्फात.

तर या गृहस्थाने एस्टिस कंपनीची ‘बिग बर्था’ आणली. दोन फूट उंचीची कागदी नळी, बाल्साच्या हलक्या लाकडाचे चार पंख, प्लॅस्टिकचं नाक. १८ मिलिमीटर जाडीची ‘सी’ मोटर घातली की ५०० फुटांच्या आसपास जाते आणि झुलत झुलत परत येते. लहान पोरांना याहून अधिक काय हवं? पण या मोटरींना अक्षरं असतात, आणि दर अक्षराला ताकदीची कमाल मर्यादा दुप्पट होते. ‘सी’ १० न्यूटन-सेकंदांपर्यंत, ‘डी’ २०, ‘ई’ ४०. आता ‘सी’च्या पुढे ‘डी’ आहे हे एकदा कळल्यावर माणसाने झोपायचं कसं?

‘डी’ मोटर २४ मिलिमीटरची. म्हणजे आतलं जुनं माऊंट उपटा, रुंद नळी बसवा, ती मधोमध राहावी म्हणून प्लायवुडच्या रिंगा कापा. ही मोटर जुनीपेक्षा बरीच जड, म्हणजे शेपूट जड. रॉकेटचा गुरुत्वमध्य हवेच्या दाबमध्याच्या पुढे, निदान नळीच्या व्यासाइतका तरी पुढे, राहावा लागतो. नाहीतर ते आकाशाऐवजी प्रेक्षकांकडे वळतं. मग नाकात शिसं भरा. शिसं आलं की वजन वाढलं, वजन वाढलं की ‘डी’ कमी पडायला लागली. ‘ई’ घातली तर त्या वेगात बाल्साचे पंख फडफडून तुटतील, म्हणून पंखही प्लायवुडचे केले. प्लायवुडने शेपूट पुन्हा जड, म्हणून नाकात आणखी शिसं. नाकापेक्षा मोती जड झालेलं हे मी डोळ्यांनी पाहिलंय. किटच्या किमतीच्या कितीतरी पट गोंदातच गेले, पण चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला हा हिशोब त्याला मान्य नाही. त्याच्या मते कोंबडी केवळ निमित्त.

मोटरीला मात्र तो बोट लावत नाही, हे सांगायलाच हवं. तो या छंदाचा मूळ धर्म आहे. १९५४ साली नेब्रास्कातल्या नॉरफोकमध्ये जोडे विकणाऱ्या ऑरव्हिल कार्लाइलने पहिलं मॉडेल रॉकेट केलं. पुढे तयार मोटरी विकत मिळू लागल्या, आणि घरी दारू कुटून हात भाजून घ्यायची गरज उरली नाही. फॅक्टरीची मोटर, आहे तशी वापरायची. आमचा गृहस्थ हा नियम कडकडीत पाळतो आणि मोटर सोडून उरलेल्या प्रत्येक वस्तूवर हात साफ करतो.

उड्डाणाआधी चाचणी. मोटर भरलेल्या बर्थाला गुरुत्वमध्यापाशी दोरी बांधून तो ती डोक्यावरून गरगर फिरवतो. नाक पुढे ठेवून फिरली तर पास. हे काम तो रस्त्याच्या मधोमध करतो. टपालवाला गाडीतच बसून राहतो. “संगणकावर ओपनरॉकेटमध्ये बघायचं ना,” मी एकदा म्हटलं. “त्यात तर कधीच पास झालीय,” तो म्हणाला, “पण संगणकाला दोरीवर कुठं विश्वास असतो?” याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

उड्डाणाचा दिवस उजाडला. वारा बरा होता, वणव्याच्या भीतीने घातलेली बंदी उठलेली होती. नेहमीच्या बारीक सळईवर एवढं धूड उभं राहीना म्हणून त्याने जाड सळई घरूनच आणली होती. उलटी गणती, बटण, एक करकरीत सुस्कारा. आणि बर्था गेली. ‘सी’वर जाताना ती दिसायची. आता दिसली ती फक्त धुराची रेघ. सगळे माना वर करून उभे. पॅराशूट कुठे उघडलं, उघडलं की नाही, वाऱ्याने कुठल्या शेतात नेलं, काही कळेना.

“दिसलीच नाही!” तो दोन्ही हात वर करून ओरडला. इतका आनंद मी त्याच्या मुलीच्या लग्नातही पाहिला नव्हता. बायको खुर्चीतून म्हणाली, “तीन महिने गॅरेजमध्ये होतास. निदान दिसेल इतकी तरी खाली ठेवायचीस.”

शोधाशोध निष्फळ ठरली. परत येताना शेजारच्या पट्ट्यावर एका नऊ-दहा वर्षांच्या मुलाने आपली बर्था सोडली. डब्यावर लिहिल्याप्रमाणे जोडलेली, साध्या ‘सी’ मोटरीची. वर गेली, छान उघडली, तीस पावलांवर गवतात उतरली. पोरगं धावत गेलं. आमचा गृहस्थ त्याच्या आधी पोचला. त्याने ती उचलली, उलटी केली, शेपटाच्या भोकात अंगठा घालून डोळे बारीक केले आणि पोराच्या खांद्यावर हात ठेवला.

“छान आहे रे. पण हे बघ, यात चोवीसची आरामात बसेल.”

पोराची आई लगबगीने उठली, पण उशीर झाला होता.