माशीवाले काका

शाकाहारी मनुष्याने मासेमारीचा छंद धरावा, आणि तोही उज्जैनीसारख्या क्षेत्री, ही गोष्ट प्रथमदर्शनी विसंगत वाटली तरी वस्तुतः तशी नाही. किंबहुना मासा मिळावा अशी ज्याची तिळमात्र अपेक्षा नाही, मिळालाच तर त्याचे काय करावे याचा विचार करण्यास ज्याच्या घरात कोणीही तयार नाही, आणि ज्या नदीच्या तीरी तो राहतो तिच्या घाटांवर गळ टाकणे लोकाचाराला मुळीच संमत नाही, अशाच गृहस्थाच्या ठायी या छंदाचे शुद्ध आणि निष्काम स्वरूप पाहावयास सापडते. मासे खाणाऱ्याच्या हातात काठी आली की त्याचे अर्धे लक्ष कालवणाकडे लागते.

अशा गृहस्थाला आमच्या फ्रीगंजात माशीवाले काका म्हणतात. त्यांचे कागदोपत्री नाव सांगण्याचे कारण नाही, कारण ते एक व्यक्ती नसून एक वर्ग आहेत. शिंद्यांच्या घोड्यांमागून माळव्यात आलेल्या, आणि १८१० साली दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला नेल्यावर घोडे गेले तरी दप्तरांच्या मोहाने येथेच राहिलेल्या घराण्यांचा तो वर्ग होय. पणजोबा-आजोबा सुभ्याच्या कचेरीत, वडील १९४८ ते १९५६ एवढेच आयुष्य लाभलेल्या मध्यभारतात, आणि स्वतः काका मध्यप्रदेशाच्या महसूल खात्यात, अशा तीन राजवटी या घराण्याने एकाच बोरूने, निदान एकाच वळणाच्या अक्षराने, पार पाडल्या. अशा मनुष्याला सेवानिवृत्त करताना सरकार त्याला नारळ देते, शाल देते, परंतु त्याच्या हातून मिसल काढून घेते; आणि मिसलीवाचून त्याचे दिवस कसे जावेत याची तजवीज कोणत्याही सेवानियमात केलेली नाही.

ती तजवीज काकांच्या बाबतीत डेन्व्हरला झाली. चिरंजिवांकडे सहा महिन्यांच्या मुक्कामाला गेले असता एका रविवारी त्यांना साउथ प्लॅट नदीवर नेण्यात आले, आणि तेथे गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या एका अनोळखी साहेबाने पाण्यातला दगड उलटा करून त्याखालची अळी निरखली, खिशातून एक चपटी पेटी काढली, आणि तिच्या असंख्य कप्प्यांतून त्या अळीसारखीच दिसणारी एक कृत्रिम माशी, म्हणजे पिसे आणि दोरा गुंडाळून सजविलेला एक सूक्ष्म गळ, चिमट्याने उचलला. साहेबाने पुढे मासा पकडला, तो ओल्या हाताने सोडूनही दिला, परंतु काकांनी ते काही पाहिले नाही. त्यांची दृष्टी पेटीवर खिळली होती. आकारवार, वर्णवार, ऋतुवार लावलेले ते कप्पे पाहून त्यांना निवृत्तीनंतर प्रथमच घरी आल्यासारखे वाटले. या वर्गातल्या माणसांना छंद लागतो तो माशाचा नव्हे, पेटीचा, असे माझे स्पष्ट मत आहे.

उज्जैनीस परतताना सामानात एक चार तुकड्यांची नऊ फुटी काठी, रीळ, टेबलाला आवळून बसवायचा चिमुकला शिकंजा आणि गळांच्या पुड्या होत्या. या गळांचा क्रमांक जितका मोठा तितका गळ लहान असतो. नवशिक्याला ही उलटी गणना सहसा उमगत नाही, परंतु प्रथम श्रेणीचा अधिकारी वर आणि चतुर्थ श्रेणीचा कर्मचारी खाली ही रचना ज्याने जन्मभर सोसली त्याला ती समजावून सांगण्याची गरजच पडली नाही.

पुढे वाचन सुरू झाले, आणि वाचनाबरोबर व्याख्याने. एलियन नावाच्या ग्रंथकाराने इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांच्या सुमारास मॅसिडोनियातले कोळी गळाला लाल लोकर आणि कोंबड्याची दोन पिसे बांधून मासे कसे फसवीत ते लिहून ठेवले आहे. आयझॅक वॉल्टनचा जगप्रसिद्ध ग्रंथ १६५३ चा असला तरी त्यातला माश्यांचा खरा अधिकारी भाग १६७६ साली चार्ल्स कॉटनने जोडला. आणि हिंदुस्थानातल्या गळकऱ्यांचा आद्य स्मृतिकार म्हणजे १८७३ साली ग्रंथ प्रसिद्ध करणारा हेन्री सलिवन थॉमस. या चौघांत काकांची निष्ठा थॉमसवर, कारण तो मद्रास इलाख्यातला सनदी नोकर होता, आणि महसुली अंमलदाराने लिहिलेले कोणतेही विधान ते पुराव्यावाचून ग्राह्य धरतात. स्वाभिमानाचा प्रश्न आला म्हणजे मात्र ते कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराला साक्षीस बोलावतात. ११२९ च्या सुमारास पूर्ण झालेल्या ‘मानसोल्लासा’त या राजाने मत्स्यविनोदावर स्वतंत्र प्रकरण लिहून माशांच्या जाती आणि त्यांची आमिषे नोंदविली आहेत. कॉटनच्या आधी साडेपाचशे वर्षे, आणि तेही आपल्या सोलापूरपासून फारशा लांब नसलेल्या गावी, असे म्हणून काका समोरच्याकडे अशा नजरेने पाहतात की जणू मधल्या काळात ते प्रकरण त्यानेच दडवून ठेवले होते.

या विद्वत्तेचा कळस कालिदास समारोहात झाला. मेघदूतात गंभीरा नदीच्या पाण्यात उसळणाऱ्या शफर माशांना कवीने तिचे कटाक्ष म्हटले आहे, आणि त्याच गंभीर नदीवरल्या धरणाचे पाणी आज आमच्या नळांना येते, यामुळे प्रस्तुत स्थळाविषयी उज्जैनकरांना थोडी अधिक आत्मीयता असणे स्वाभाविकच आहे. एका विद्वान वक्त्याने या कटाक्षांतील शृंगाराचे तासभर विवेचन केल्यावर शंका विचारण्याची संधी मिळताच काका उठले आणि त्यांनी अत्यंत नम्रपणे पृच्छा केली, की शफर उसळले ते पृष्ठभागावर नेमका कोणता कीटक उतरल्यामुळे, आणि मेघ तेथे कोणत्या प्रहरी पोहोचला असावा? वक्त्याने मल्लिनाथाची टीका मनातल्या मनात दोनदा चाळली असावी, कारण उत्तर येण्यापूर्वी आभारप्रदर्शन झाले.

परंतु काकांना खरे पाहावे ते माशी बांधताना. देवघराच्या शेजारच्या खोलीत, खिडकीशी, चष्म्यावर भिंगाचा दुसरा चष्मा चढवून ते बसतात, आणि समोर सारी उज्जैन नगरी साहित्यरूपाने मांडलेली असते. दोऱ्याला लावण्याचे मेण भैरवगढच्या छिप्यांकडचे, कारण बाटिकसाठी मेण वितळविणाऱ्या या कारागिरांइतकी मेणाची पारख दुसऱ्या कोणाला असणार? माशीच्या पोटावर गुंडाळण्याची सोनेरी जर काकूंच्या जीर्ण चंदेरी लुगड्याची. शरीरासाठी लागणारे मोरपिसाचे हिरवेगार तंतू गोपाळ मंदिराच्या बाजारातून येतात; श्रीकृष्णाने सांदीपनींच्या आश्रमात विद्या घेतली त्या गावी मोरपिसांची वाण पडण्याचे कारण नाही. तथापि मोराला मारून काढलेले पीस कायद्याने निषिद्ध आणि आपोआप गळलेले तेवढे क्षम्य असल्यामुळे, मोराने हे पीस स्वेच्छेने टाकल्याबद्दल काही लेखी आहे का, असे काकांनी विक्रेत्याला विचारले. तेव्हापासून तो बिचारा त्यांना पाहताच पिसे आवरून घेतो. विलायती कारागीर ज्याच्या मानेवरील मेणचट सोनेरी ठिपक्यांच्या पिसांवर पिढ्यान्‌पिढ्या लुब्ध होते तो आपला राखाडी रानकोंबडा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, म्हणून ते ठिपके काका सुनेने विसरलेल्या नखरंगाने काढतात. राहता राहिला साधा कोंबडा. त्याच्या मानेची पिसे या सोवळ्या घरात कोणत्या मार्गाने आली हे विचारण्याचे धैर्य आम्हाला झाले नाही, परंतु ती ज्या डब्यात आहेत त्यावर ‘जुनी वीजबिले’ अशी चिठ्ठी आहे, आणि तो डबा आजवर कोणी उघडलेला नाही.

बांधून झालेली प्रत्येक माशी नोंदवहीत जाते. अनुक्रमांक, गळाचा क्रमांक, साहित्याचा तपशील, मंजुरीची तारीख, आणि शेवटी ‘शेरा’ हा रकाना. मासा लागल्यास तो या रकान्यात यावयाचा. वहीचे पहिले पुस्तक भरले, दुसरे चालू आहे, आणि शेऱ्याचा रकाना स्वच्छ आहे.

फेकण्याचा सराव गच्चीवर चालतो. साध्या गळात वजन आमिषाला असते आणि दोरी त्याच्यामागून जाते. येथे आमिषाला वजनच नसल्यामुळे ते दोरीतच भरलेले असते, आणि काठीच्या झोक्याने ती दोरी आधी पाठीमागे पूर्ण उलगडू द्यावी लागते, मग क्षणभर थांबून पुढे न्यावी लागते. तो मधला क्षण हीच या विद्येची गुरुकिल्ली. प्रकरण थोडे पडून राहू दिल्यावाचून पुढे सरकवू नये हे तत्त्व काकांच्या रक्तातच असल्याने त्यांची पाठीमागची फेक निर्दोष होती. पुढची फेक मात्र संक्रांतीच्या दिवशी शेजारच्या पोरांच्या मांज्यात गेली. पतंगाशिवाय पतंग उडविणारे आजोबा म्हणून त्या पोरांना त्यांचा आधीपासूनच आदर होता. त्यांनी ‘काट्टा!’ अशी आरोळी ठोकली आणि वीस वार परदेशी दोरी विधिपूर्वक लुटून नेली.

खऱ्या पाण्यावर जाण्याचे योग कमी. या माश्यांना भुलणारा ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. १९०० साली त्याची अंडी विलायतेहून काश्मीरला आली, माळव्याकडे येण्याचे त्याला प्रयोजन नव्हते. शिप्रेतल्या पाण्यात मूळचे किती, २०१४ पासून उपसून आणलेल्या नर्मदेचे किती, आणि कान्ह नदीच्या द्वारे इंदूरने पाठविलेले किती, याची जमाबंदी काकांनी एकदा मांडायला घेतली आणि प्रकृतीच्या कारणास्तव सोडून दिली. कालियादेह महालाजवळ त्यांनी एकदा दोरी टाकली, तेव्हा एक बाभूळ आणि स्वतःची टोपी लागली. नर्मदेवर जाऊन महाशीर, म्हणजे २०११ पासूनचा आमचा राज्यमासा, केवळ पाहून सोडून देण्याची मोहीम गेली काही वर्षे ‘विचाराधीन’ आहे.

त्यात पुन्हा कायदा. पहिल्या पावसाबरोबर दिव्याखाली पंखवाल्या वाळव्यांचे थवे उतरतात, तऱ्हेतऱ्हेचे कीटक पाण्यावर येतात, मासे उसळू लागतात, आणि नेमक्या त्याच काळात, १६ जून ते १५ ऑगस्ट, मध्यप्रदेशात विणीचा हंगाम म्हणून मासेमारी बंद असते. कालिदासाचा मेघसुद्धा आषाढातच निघाला असल्याने त्याला शफर नुसते पाहूनच पुढे जावे लागले असणार, हे ध्यानात येताच काकांना मोठे समाधान झाले. ते दोन महिने ते रस्त्यावरच्या दिव्याखाली बशी घेऊन उभे असतात आणि गोळा केलेल्या कीटकांच्या प्रतिकृती करतात. वर्षाचे उरलेले दहा महिने मासे पकडण्यास मोकळीक असते, पण तेव्हा कीटक नसतात.

अशा परिस्थितीत मूळ सिद्धान्ताकडे परतणे भागच होते. त्या त्या पाण्यातला मासा जे खातो त्याचीच नक्कल करावी, हा तो सिद्धान्त. आणि रामघाटावर चार सकाळी बसून केलेल्या स्थळपाहणीअंती काकांच्या लक्षात आले, की येथला मासा कीटकांच्या वाटेला मुळी जातच नाही. तो यात्रेकरूंनी टाकलेल्या कणकेच्या गोळ्यांवर पोसला आहे. तेव्हा शिप्रेची खरी माशी म्हणजे कणकेची गोळी! काकांनी पांढऱ्या लोकरीचे अनेक मसुदे केले, ते सर्व पाण्यात बुडाले किंवा सुटले, आणि अखेर काकूंनी वाती वळता वळता तो गळ मागून घेतला, कापसाचा पुंजका दोन बोटांत फिरवला, आणि लक्ष वाती लावायच्या सरावाने एका दमात असा घट्ट बसवला की काका अवाक झाले. ‘रामघाट कणीक, क्रमांक १’ अशी नोंद झाली. रामघाटावर ती टाकणे अशक्य असल्यामुळे एक नमुना डेन्व्हरला रवाना करण्यात आला.

महिन्याभराने चिरंजिवांचा फोन आला. डेन्व्हर शहरातच, पुलाखाली, साउथ प्लॅटच्या संथ पाण्यात एका भल्या मोठ्या कार्पने, म्हणजे आमच्या रोहूच्याच कुळातल्या माशाने, ती कणीक विनातक्रार गिळली. छायाचित्र काढून त्याला सोडण्यात आले. काकांनी वही उघडली, टाक नसल्याने बॉलपेननेच, पण ठसठशीत अक्षरात, शेऱ्याच्या रकान्यात लिहिले: ‘एक मासा. परहद्दीत. घरच्या मंडळींच्या सहकार्याने.’

काकूंना मात्र हर्ष झाला नाही. “कणीक म्हणून कापूस खायला घातला नं त्या बिचाऱ्याला,” एवढेच त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला खऱ्या कणकेचे ताट घेऊन त्या दोषनिवारणार्थ रामघाटावर गेल्या. ताट धरायला काका होते. काकू गोळ्या टाकीत होत्या, आणि कोणत्या आकाराच्या गोळीवर मासा आधी येतो ते काका खिशातल्या चिठोऱ्यावर टिपून घेत होते.