मुडशिंगीत बेस वाढलाय

ऐकलंत का? नसेल ऐकलं, तर तुम्ही गडमुडशिंगीचे नव्हे. इथं सध्या ऐकायचं की नाही हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर राहिलेलंच नाही. संध्याकाळी संस्थेत दूध घालायला रांगेत उभं राहावं, तर आधी हातातल्या किटलीचं झाकण थरथरतं, मग खिडकीची काच, आणि त्यानंतर सावकाश, दोन डबे ऊस लादून, हुपरी रस्त्यानं ट्रॅक्टर येतो. फॅट काढणारा पोरगा आकडा सांगतो, तो कुणालाच कळत नाही. "साडेसहा म्हणालास का साडेपाच रं?" म्हणून मागच्या वैनी ओरडतात. पोरगा मान हलवतो. त्या मानेवर आमच्या म्हशीची अब्रू अवलंबून!

बरं, "काय बाई हे" म्हणावं, तर तेही शेजारणीपर्यंत पोचत नाही.

ट्रॅक्टरवर टेप ही काही आजची गोष्ट नव्हे. कॅसेटच्या काळातही मडगार्डवर एक पत्र्याची पेटी असायची, तिच्यात दोन स्पीकर कुरकुरायचे, खड्डा आला की गाणं अर्धं कडवं पुढं जायचं. त्याला कुणी नावं ठेवली नाहीत. आता हूडखाली चार स्पीकर, त्यांच्या बगलेत ट्वीटर, सीटमागं बारा इंची बेसट्यूब, तिच्या पोटाशी ॲम्प्लिफायर, आणि सगळ्याभोवती निळे-जांभळे एलईडी, बेस पडला की उघडझाप करणारे. आतून रेक्झिन आणि फोम, स्टिअरिंगला गोंडे. हूडच्या कपाळावर रेडियमच्या अक्षरांत आईवडिलांचा आशीर्वाद. "आशीर्वाद दिल्ता तवा ह्यो असलं काय करंल म्हाईत न्हवतं," हे त्या माउलीच्याच तोंडचं वाक्य आहे, माझं नव्हे.

खर्च किती आला म्हणाल, तर ते तुम्ही रांगेत कुठं उभ्या आहात त्यावर आहे. काट्याजवळ वीस हजार होता. मधल्या खांबापर्यंत पस्तीस झाला. दारात येईपर्यंत साठ, आणि शिवाय बायकोचे पैंजण. हुपरी एवढी हाकेच्या अंतरावर, सगळ्या देशाला तिथली चांदी जाते, नव्या सुनेला पैंजण कबूल केलेले. आणि घरात काय आलं? तर बेसट्यूब! सासू म्हणते, "वाजतं की ते बी." आता बोला.

पण खरा गहजब पुढं आहे. हा सगळा तामझाम ही पोरं दुकानात बसवून घेत नाहीत. स्वतः बसवतात! घरातल्या ट्यूबचा स्टार्टर दिवाळीपासून गेलाय, मोरीत चाचपडत जावं लागतं, त्याला हात लावायला सवड नाही. आणि इकडं रात्री दारात ट्रॅक्टर लावून, मोबाईलची बॅटरी तोंडात धरून, साहेब उताणे पडलेत.

मी मुद्दाम उभी राहून बघितलंय, लपवत नाही. बॅटरीपासून ॲम्प्लिफायरपर्यंत पहिल्यांदा त्यानं घरात उरलेली दीड एमएमची वायर ओढली होती. मग कुणी शहाण्यानं सांगितलं म्हणून ती उपटून दहा एमएमची घातली. ह्या एका बदलानं म्हणे निम्मा फरक पडतो. टेप तीस ॲम्पियर ओढायला लागला, तर तेवढ्या अंतरात बारीक वायरच बारांतले सव्वा-दीड व्होल्ट गिळते. ॲम्प्लिफायर उपाशी, आणि वायर गरम. चांदी तांब्यापेक्षाही चांगली वीज वाहते हे त्याला कुणी सांगू नका. पैंजण अजून घ्यायचेच आहेत.

मग अर्थिंग. चेसिसवरचा रंग पॉलिश पेपरनं घासून, लखलखीत लोखंड दिसेपर्यंत घासून, तिथं नट आवळायचा. रंगावरच आवळला, तर रेस वाढवली की स्पीकरातून बारीक शिट्टी येते; रेस जास्त, शिट्टी जास्त. ती शिट्टी अल्टरनेटरची असते. ती घालवायला गाण्याची पिनवाली वायर एका बाजूनं न्यायची आणि बॅटरीची दुसऱ्या बाजूनं. दोघींना शेजारी शेजारी झोपवलं की भांडण. इतका विचार ह्या मुलानं स्वतःच्या लग्नात नणंद-भावजयीच्या खोल्यांचा केला असता, तर बरं झालं असतं.

आणि फ्यूज! तो बॅटरीच्या प्लसपासून वीतभरात पाहिजे, टेपाजवळ नव्हे. कारण वायर मध्येच कुठं घासून उघडी पडली आणि बॉडीला चिकटली, तर जळायची ती वायरच. इथपर्यंत सगळं शास्त्रशुद्ध. पण फ्यूज दोनदा उडाला की हाच शास्त्रज्ञ त्याच्या जागी तारेचा तुकडा पिळतो. पाठीमागं वाळलेल्या पाचटासकट ऊस, सीटखाली उघडी तार. ह्या एका गोष्टीवर मात्र मी थट्टा करणार नाही. कान धरून खाली उतरवावा असला प्रकार आहे.

आता त्या खोक्यावरच्या आकड्याचं बघू. खोक्यावर छापलंय 4000 वॅट. पोरगं ते खोकं टाकून देत नाही, घरात फोटोशेजारी ठेवतं. हिशेब सोपा आहे, रांगेतल्या आमच्या शाळेच्या बाईंनी किटली खाली ठेवून बोटांवर करून दाखवला. बॅटरी 12 व्होल्टची. 4000 वॅट पाहिजेत तर 333 ॲम्पियर लागतील. ट्रॅक्टरचा अल्टरनेटर जोर लावून देणार चाळीसच्या आसपास, म्हणजे सगळे मिळून 480 वॅट. त्यातले शंभरावर हेडलाइटच खातात. मग 4000 कुठून यायचे, कारखान्याच्या को-जनमधनं? म्हणूनच रात्री बघा, बेस पडला की हेडलाइट मिचकतात. पुढून येणाऱ्याला वाटतं, ट्रॅक्टर डोळा मारतोय.

आणि वॅट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही, ही तर आणखी मोठी फसगत. दुप्पट वॅटला फक्त 3 डेसिबल वाढतात. कानाला दुप्पट वाटायचा तर वॅट दहापट पाहिजेत. त्यातून ट्रॅक्टरला ना दार ना काच. मोटारीत बेस कोंडतो म्हणून दणका बसतो. इथं तो अर्धा गांधीनगरच्या बाजारात जातो आणि अर्धा वर विमानतळाकडं. एरवी घरावरून विमान गेलं की आम्ही आभाळाकडं बघायचो. आता विमान कधी गेलं ते कळत नाही.

हे खूळ एकट्या मुडशिंगीचं आहे असं समजून लाजू नका. अमेरिकेतले हौशी बोटवाले ह्याच रोगानं पछाडलेत. तिथं बोटीच्या मागं दोरीला धरून, फळीवर उभं राहून पाण्यावर घसरत जायचा खेळ आहे. दोरी साठ-सत्तर फुटांची. मागं लोंबकळणाऱ्याला गाणं ऐकू यावं म्हणून बोटीवर कमान उभी करतात आणि तिच्यावर मागं तोंड करून भोंगे टांगतात. तीही उघडी गाडी, तिथंही आवाज कोंडत नाही, तिथंही 12 व्होल्ट आणि तिथंही नवरा घरी आल्यावर बायको विचारते, की किती गेले. फरक एवढाच, की त्यांच्या स्पीकरचा पडदा कागदाचा नसून प्लास्टिकचा असतो आणि वायर कल्हई केलेली, खाऱ्या पाण्यात टिकायला. आमच्या पोरांनीही कागदी पडदा दवानं लिबलिबीत झाल्यावर तोच धडा घेतला. पण त्यांचे भोंगे मागं वळवलेत ते मागच्या माणसासाठी. आमच्याकडंही दोन मागं वळवलेत. मागं कोण आहे? ऊस! अहो, उसाला ऐकवून साखरेचा उतारा वाढतो की काय?

"तसं न्हवं आत्ती," पोरानं मला समजावलं. "डब्यावर टोळीची माणसं बसत्यात. त्यास्नी पण पायजे की." बोलणं खोटं नाही. पहाटेपासून फडात कोयता चालवून, मोळ्या डोक्यावरून डब्यात चढवून, उसावर बसून परत निघालेली बीडकडची माणसं. त्यांनी टेप मोठा कर म्हटलं, तर मी कोण नको म्हणणार? पण त्यांना कुणी विचारलंय का, हे मी विचारलं. तेव्हा त्यानं आवाज वाढवला.

गरीब बिचाऱ्या कानाचं काय होतं तेही ऐका. केबिन नसलेला ट्रॅक्टर लोडवर ओढायला लागला की ड्रायव्हरच्या कानाशी इंजिनच 90 डेसिबलच्या घरात असतं. गाणं त्याच्यावर चढवायचं, म्हणजे शंभर गाठणं आलं. कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणारे सांगतात, 85 डेसिबल आठ तास चालतील, आणि पुढं दर 3 डेसिबलला वेळ निम्मी. शंभरला उरतात 15 मिनिटं. मुडशिंगीतून कसबा बावड्याला राजाराम कारखान्याच्या गेटवर जायला, त्यातून गांधीनगरात लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्यांची गर्दी असली तर, पंधरा मिनिटांत रस्तासुद्धा ओलांडता येत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत रहिवासी भागाला दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल लिहिलेत, रात्री 10 ते सकाळी 6 भोंगा बंद म्हणूनही लिहिलंय. ऊस मात्र रात्रीच जास्त चालतो. पोलीस दर हंगामात टेप काढायला लावतात, पोरं काढतात, आणि जुन्या जकात नाक्यापुढं गेलं की परत लावतात. मागच्या मोटारसायकलवाल्यानं हॉर्न दिला तरी पुढच्याला पत्ता नाही. ओव्हरटेक करायचं तर गाणं संपायची वाट बघावी लागते. सत्तरी उलटलेले आमचे एक मामा तर म्हणतात, मी आता गाण्याच्या मधल्या मोकळ्या जागेतच रस्ता ओलांडतो.

एका रात्रीची गोष्ट सांगायची राहिली. एका कारखान्याच्या अड्ड्यावर गाड्यांची ही रांग. नंबर पहाटे लागणार. थंडी. आमच्यातल्या एकानं इंजिन बंद केलं, पांघरूण घेतलं आणि टेप चालू ठेवला. का, तर झोप लागू नये. झोप लागलीच, आणि टेप रात्रभर जागा राहिला. पहाटे नंबर आला, किल्ली फिरवली, तर नुसतं टिक. डिझेल इंजिन फिरवायला स्टार्टरला दोनशेच्या वर ॲम्पियर लागतात. बॅटरीत उरलं होतं ते एक एलईडी लुकलुकण्यापुरतं. दोन भरलेल्या डब्यांसकट ट्रॅक्टर ढकलणार कोण? मागं सगळ्यांचे हॉर्न. शेवटी पुढच्यानं बॅटरी जोडून दिली, आणि ट्रॅक्टर चालू होताच काय झालं असेल? बटण चालूच राहिलं होतं. अख्ख्या अड्ड्याला दणक्यात जाग आली. त्याला म्हणे तेव्हापासून तिथं आडनावानं कुणी ओळखत नाही.

ज्यांची ऐपत नाही ते काय करतात? ते मडकं आणतात. चेष्टा नव्हे. माठाच्या तोंडावर स्पीकर पालथा घातला की आतली हवा बेस घुमवते. जर्मनीत हेल्महोल्ट्झ नावाच्या शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात असल्याच पोकळ भांड्यांवर आवाजाचा अभ्यास केला होता. आमच्या गल्लीत तो अभ्यास कुंभाराकडून माठ आणून चालतो. एकीनं उन्हाळ्यासाठी आणलेला, नवाकोरा, अजून पाणीसुद्धा न भरलेला माठ शोधून शोधून दमली. शेवटी तो ट्रॅक्टरच्या सीटमागं, सुतळीनं बांधलेला, गाताना सापडला.

आणि आता कालचं ऐका, हे अजून खालच्या गल्लीत पोचलेलं नाही.

एकानं ट्रॅक्टर विकायला काढला. हप्ते थकलेत, लपवाछपवी नाही. पलीकडच्या गावचं गिऱ्हाईक आलं, फिरवून बघितलं, किंमत ठरली, बँकेचा बोजा उतरवून कागद द्यायचं ठरलं, विसार हातात पडला. काल न्यायला आले. गिऱ्हाईक वर चढलं, किल्ली फिरवली, बटण दाबलं. काही नाही. वर बघितलं तर हूडला चार गोल भोकं.

"टेप कुठाय?"

"काढला."

"आरं, टेप बघून तर आल्तो!"

चार वडीलधारी माणसं मध्ये पडली. जॅक घे, ताडपत्री घे, टाकी फुल करून देतो, म्हणेल ते कबूल. टेपाचं नाव काढलं की गडी मान हलवतो. शेवटी एका म्हाताऱ्यानं खडसावलं, एवढं काय सोनं लागलंय त्या टेपाला? तेव्हा तो बोलला, आणि सगळे गप्पच झाले. "ट्रॅक्टर बँकेचा हाय, आण्णा. डबे कारखान्याच्या ॲडव्हान्सचे. जमीन भावकीत अडकलीया. टेप तेवढा माझा हाय. रोखीनं घेतलाय."

विसार परत गेला. पण बायको दारात उभी होती, आणि तिनं ही सगळी यादी ऐकली. आत जाऊन तिनं चूल विझवली. जेवायची वेळ झाली तसा तो घरात डोकावला, तर म्हणाली, "माझा म्हणून एकच हाय न्हवं तुमचा? वाढ म्हणावं त्यालाच."